नाव तेवढं बदलतं, मग प्रिंटर एवढा वेळ का खातो?

एका पत्राच्या पाचशे प्रती काढायच्या असतील तर प्रिंटर कुरकुर करत नाही. पहिलं पान यायला जरा वेळ लागतो, मग एका लयीत कागद पडत राहतात आणि वीसेक मिनिटांत गठ्ठा तयार होतो. दुसऱ्या दिवशी तेच पत्र, तोच प्रिंटर, तेवढेच कागद. फक्त या वेळी प्रत्येक पत्रावर ज्याचं त्याचं नाव, पत्ता आणि सभासद क्रमांक घालायचा आहे. आता मात्र एक पान येतं, यंत्र हुंकार देऊन थांबतं, दिवा लुकलुकत राहतो, मग कधीतरी दुसरं पान. तासाभराने येऊन पाहावं तर निम्मी पत्रं अजून बाकीच.

शाई तेवढीच लागली, कागदही तेवढेच. बदललेले शब्द मोजले तर पानामागे दहा-बारा भरतील. तरी वेळ कितीतरी पट. अशा वेळी मग ‘प्रिंटर म्हातारा झाला’, ‘वायर सैल असेल’, ‘आज नेटवर्क स्लो आहे’ अशी निदानं होतात. क्वचित ती खरीही असतात. पण बहुतेकदा गोम वेगळीच असते. आपल्याला जे ‘तेच पत्र’ वाटतं ते प्रिंटरच्या लेखी दर वेळी एक कोरं करकरीत नवं पान असतं. हे पान आधीच्या पानासारखंच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी मेल मर्ज म्हणजे काय ते पाहू

एका बाजूला पत्राचा मसुदा असतो. त्यात नावाच्या, पत्त्याच्या, रकमेच्या जागा रिकाम्या सोडलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला यादी असते, बहुधा एक्सेलमधली. यादीतली एक ओळ म्हणजे एक माणूस. कॉम्प्युटर एकेक ओळ उचलतो, मसुद्यातल्या रिकाम्या जागा भरतो आणि पत्र तयार करतो. या जुळवाजुळवीला मेल मर्ज म्हणतात.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६४ साली चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारा टाइपरायटर बाजारात आणला. त्याच्या दोन फितींच्या प्रकारात एका फितीवर पत्राचा मजकूर आणि दुसऱ्या फितीवर नावं-पत्ते ठेवता येत. यंत्र एकदा इकडून, एकदा तिकडून वाचत पत्र टाइप करी. १९८० च्या दशकात वर्डस्टार या प्रोग्रॅमला जोडून ‘मेलमर्ज’ नावाचाच वेगळा प्रोग्रॅम मिळत असे. आज हे काम वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये चार-सहा क्लिकमध्ये होतं.

हा जुळणीचा भाग मात्र सहसा रेंगाळत नाही. पाचशे ओळींची यादी भरायला आजच्या कॉम्प्युटरला फारसा वेळ लागत नाही. अपवाद दोनच. यादीची फाइल नेटवर्कवर लांब कुठल्या तरी कॉम्प्युटरवर पडलेली असेल, किंवा दर पत्रात वेगळा फोटो बाहेरच्या फोल्डरमधून ओढून आणायचा असेल, तर इथेच खोळंबा होऊ शकतो. नाहीतर खरी गंमत पुढच्या टप्प्यात आहे.

प्रिंटरला अक्षरं दिसत नाहीत

प्रिंटर शब्द छापत नाही, ठिपके छापतो. ए-फोर आकाराचं पान दर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने छापायचं तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे सुमारे ७,०१६ ठिपके होतात. गुणाकार केला तर एका पानावर जवळजवळ ३ कोटी ४८ लाख जागा, आणि प्रत्येक जागेचा निर्णय घ्यायचा: इथे काळा ठिपका हवा की नको? रंगीत पान असेल तर हाच निर्णय चार रंगांसाठी चार वेळा.

आपलं पत्र मात्र ठिपक्यांच्या रूपात नसतं. ते वर्णनाच्या रूपात असतं: या ठिकाणी, या फॉन्टमध्ये, एवढ्या आकाराचं ‘म’ अक्षर काढ, इथे लोगो ठेव, इथून तिथपर्यंत रेघ मार. कॉम्प्युटर हे वर्णन प्रिंटरला कळेल अशा भाषेत लिहून पाठवतो. अडोबीची १९८४ सालची पोस्टस्क्रिप्ट ही अशीच एक भाषा, एचपीची पीसीएल ही दुसरी. या वर्णनातून कोट्यवधी ठिपक्यांचा नकाशा तयार करण्याला रास्टर करणं म्हणतात. हा एक शब्द तेवढा लक्षात ठेवा, बाकी परिभाषा फार लागणार नाही.

महागड्या प्रिंटरच्या पोटात रास्टर करणारा स्वतंत्र मेंदू असतो. बऱ्याच स्वस्त प्रिंटरांना तो नसतो. तिथे कॉम्प्युटरच सगळा नकाशा तयार करतो आणि अख्खा नकाशा वायरीतून किंवा वायफायवरून पाठवतो. आकुंचन न करता, म्हणजे माहिती दाबून कमी बाइटांत न बसवता पाठवला तर वरच्या काळ्या-पांढऱ्या पानाचा नकाशा ४० लाखांहून जास्त बाइटचा होतो. त्याच पानाचं साधं वर्णन काही हजार बाइटांत मावलं असतं. पत्रात पांढरी जागा भरपूर असते, त्यामुळे आकुंचन चांगलं होतं हे खरं, पण पाचशे पत्रं म्हणजे पाचशे नकाशे.

प्रती काढणं वेगळं, पत्रं काढणं वेगळं

एका मास्तरांनी फळ्यावर सूचना लिहिली आणि साठ मुलांनी ती वाचली. लिहिण्याचं काम एकदाच झालं. प्रती काढताना नेमकं हेच होतं. पानाचा नकाशा एकदा तयार झाला, तो प्रिंटरच्या स्मरणात राहिला, आणि पुढचं काम फक्त कागद ओढून त्यावर तो उमटवायचं. हे काम यंत्राचं आहे. मोटर, रोलर, उष्णता. त्याची गती ठरलेली असते, म्हणून कागद लयीत पडतात.

आता समजा मास्तरांना सांगितलं, की प्रत्येक मुलासाठी सूचनेच्या वर त्याचं नाव हवं. सरळ माणूस काय करील? फक्त नाव पुसून दुसरं लिहील. आपले हे मास्तर मात्र दर वेळी अख्खा फळा पुसतात आणि वरपासून खालपर्यंत सगळी सूचना नव्याने लिहितात. साठ वेळा. सहीसकट, तारखेसकट, वरच्या कोपऱ्यातल्या बोधचिन्हासकट. पहिले पाढे पंचावन्न म्हणतात ते हेच.

बारा शब्दच बदललेत, हे प्रिंटरला कळू नये?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात मजेशीर वाटतं, म्हणून जरा रेंगाळतो.

आधी हे पाहा, की ‘सारखं आहे’ हे कळायला तुलना करावी लागते. दोन पानांच्या ठिपक्यांची तुलना करायची तर दुसऱ्या पानाचा नकाशा आधी तयार हवा, आणि तो तयार झाला म्हणजे वाचवायची मेहनत करूनच झाली. वर्णनांची तुलना करावी, तर प्रिंटरकडे ती एकामागून एक येणाऱ्या आज्ञांच्या ओघात येतात. त्यातला कुठला तुकडा मघाशी येऊन गेला होता, हे ओळखायला सगळा ओघ साठवून चाळत बसावं लागेल.

आणि पुढची गोष्ट तर आपल्याच मसुद्यात दडलेली असते. ‘आपले सभासद श्री. अमुक तमुक यांना कळवण्यात येते की...’ अशी सुरुवात आहे असं धरा. एकाचं नाव आखूड, दुसऱ्याचं लांबलचक. लांब नाव आलं की ओळीतले शेवटचे दोन शब्द खालच्या ओळीत ढकलले जातात, त्या ओळीतले आणखी खाली, आणि परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ वाढते. झालं! त्याखालचा सगळा मजकूर, सहीसुद्धा, काही मिलिमीटर खाली सरकला. शब्द तेच राहिले, जागा बदलली, आणि ठिपक्यांच्या हिशेबात जागा बदलली म्हणजे पानच बदललं. म्हणजे ‘बारा शब्द सोडून सगळं सारखं आहे’ हा आपला दावा प्रिंटरच्या बाजूने पाहिला तर चक्क खोटा असतो.

म्हणून नावं-पत्ते ओघात न गुंफता ठरावीक उंचीच्या वेगळ्या चौकटीत ठेवणारे मसुदे छपाईच्या दृष्टीने शहाणे. पत्र दिसायला थोडं रुक्ष होतं, हे कबूल. पण मराठीत तर त्याचा आणखी एक फायदा आहे: नावाला विभक्ती लावायची कटकट उरत नाही.

प्रत्येक पत्रामागे नमनाला घडाभर तेल

कॉम्प्युटर प्रिंटरला काम देतो ते थेट नाही, रांगेतून देतो. रांगेतल्या एका कामाला जॉब म्हणतात. प्रत्येक जॉबच्या सुरुवातीला ठरलेलं नमन असतं: कागदाचा आकार कोणता, कुठल्या ट्रेमधला, एका बाजूला छापायचं की दोन्ही, रंगीत की काळं, फॉन्ट कोणते. प्रिंटरमध्ये मुळात असलेले फॉन्ट मोजके आणि बहुधा रोमन लिपीचे. देवनागरी किंवा अरबीसारख्या लिपीतला मजकूर असेल तर फॉन्टचा लागेल तेवढा भाग कामासोबत पाठवावा लागतो. जॉब संपला की हे सगळं आवरून ठेवायचं. काही यंत्रं तर जॉब संपल्यावर मोटर थांबवतात आणि पुढच्यासाठी पुन्हा फिरवतात. लेझर प्रिंटरमधला शाई वितळवून कागदावर पक्की करणारा रोलर सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला ठेवावा लागतो. मधे फार वेळ गेला तर तोही पुन्हा तापवण्यात वेळ जातो.

एका मोठ्या जॉबसाठी हे नमन एकदाच होतं. पण काही प्रोग्रॅम, काही आवृत्त्यांमध्ये, मेल मर्ज थेट प्रिंटरकडे पाठवलं की प्रत्येक पत्राचा स्वतंत्र जॉब करतात. पाचशे पत्रं म्हणजे पाचशे नमनं. हिशेब करून पाहा. मिनिटाला ३० पानं टाकणारा प्रिंटर पाचशे पानं १६ मिनिटं ४० सेकंदांत संपवील. प्रत्येक जॉबमागे ६ सेकंदच जास्तीचे गेले असं धरलं, तर तेवढ्याने ५० मिनिटं वाढतात. यात छपाई कुठेही मंदावलेली नाही. मंद झाली ती प्रत्येक पानाआधीची तयारी.

तुमच्याकडे असं होतंय का, हे कुणालाही पाहता येतं. पत्रं पाठवल्यावर प्रिंटरची रांग दाखवणारी खिडकी उघडा आणि ओळी मोजा. एकच ओळ असेल तर हा आजार तुम्हाला नाही. एकाखाली एक ओळींची माळ दिसली तर निदान झालं.

लोगो नावाचं ओझं

यावर मात्र मी थोडा कडक आहे, कारण गाडी अडायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि त्याकडे कुणी पाहतच नाही.

संस्थेचा लोगो कुणीतरी कधीतरी डिझायनरकडून मागवलेला असतो: ४,००० ठिपके रुंद, ४,००० उंच. तो मसुद्यात टाकला आणि कोपरा धरून ओढून ३ सेंटिमीटरचा केला. डोळ्यांना तो लहान झाला, पण फाइलमध्ये बहुधा तो मूळ आकारातच बसलेला असतो. ३ सेंटिमीटरच्या चित्राला दर इंचाला ३०० ठिपके या दर्जाने फार तर ३५४ ठिपके रुंदी पुरते. म्हणजे गरजेच्या सव्वाशेपटीहून जास्त ठिपके आपण दर पत्रासोबत वाहून नेतो. उलगडल्यावर या एका लोगोचे सुमारे ४ कोटी ८० लाख बाइट होतात. पत्राचा मजकूर चार-पाच हजारांचा.

त्यात लोगोची पार्श्वभूमी पारदर्शक असेल, कडेला हलकी सावली असेल किंवा मजकुरामागे फिकट जलचिन्ह असेल, तर आणखी पंचाईत. पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता हा प्रकारच माहीत नाही. पीडीएफमध्ये तो २००१ साली, १.४ या आवृत्तीत आला. जुन्या भाषेत बोलणाऱ्या प्रिंटरकडे असं पान पाठवायचं तर आधी खालचं-वरचं सगळं एकत्र मिसळून सपाट करावं लागतं. कधीकधी ड्रायव्हर, म्हणजे पानाचं वर्णन प्रिंटरच्या भाषेत लिहून देणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम, सोपा मार्ग म्हणून पानाचा मोठा भाग किंवा अख्खं पानच चित्र करून पाठवतो. अशा वेळी अक्षरं अक्षरं राहत नाहीत, सगळाच फोटो होतो.

उपाय साधा आहे. लोगो हवा तेवढ्याच आकाराचा करून घ्या, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवा, सावली काढून टाका. प्राप्तकर्त्याला फरक दिसणार नाही.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

अंदाजाने उपाय करण्याआधी दहा मिनिटं खर्चून एक चाचणी करा. भरलेल्या पत्रांपैकी कुठलंही एक घ्या आणि त्याच्या वीस प्रती काढा. लागलेला वेळ लिहून ठेवा. मग वीस वेगवेगळ्या माणसांची वीस पत्रं काढा आणि तोही वेळ लिहा.

दोन्ही वेळा जवळपास सारख्या आल्या तर तुमच्या मसुद्यात खोट नाही, यंत्राची गतीच तेवढी आहे. कदाचित जाड कागद निवडला असेल. जाड कागदाला, पाकिटांना आणि लेबलांना उष्णता जास्त लागते, म्हणून प्रिंटर मुद्दाम सावकाश चालतो. अरुंद पाकिटं ओळीने छापताना तापलेल्या रोलरच्या कडांना कागद लागत नाही, त्या फाजील तापतात, आणि त्या निवेपर्यंत काही प्रिंटर मधे मधे थांबतात. किंवा पहिलं पान लेटरहेडच्या ट्रेमधून आणि दुसरं साध्या कागदाच्या ट्रेमधून घ्यायचं असेल. दर पत्राला ट्रे बदलण्यातही वेळ जातो. एकपानी पत्राला ‘दोन्ही बाजूंनी छापा’ चालू राहिलं असेल, तर काही प्रिंटर कोऱ्या मागच्या बाजूसाठीही कागद उलटा फिरवून आणतात. ही खूण बंद करायची राहून जाते आणि खापर मेल मर्जवर फुटतं.

दुसरी वेळ बरीच जास्त आली तर तयारीतच वेळ जातोय. आता लोगो आणि जलचिन्ह काढून तीच वीस पत्रं पुन्हा काढा. एकदम वेग आला तर दोष चित्राचा. काही फरक पडला नाही तर रांगेतल्या जॉबांची संख्या पाहा. तीही एकच असेल तर यादीची फाइल आपल्या कॉम्प्युटरवर आणून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य पाळलं तर ही चाचणी फसवत नाही.

‘यापेक्षा वेगवान प्रिंटरच घेऊ या’

घ्या, पण आधी चाचणी करा. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खोक्यावर लिहिलेला ‘मिनिटाला इतकी पानं’ हा आकडा खोटा नसतो, पण तो यंत्र एकदा लयीत आल्यावरचा असतो. छपाईचा वेग मोजायला आयएसओ २४७३४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि पहिलं पान बाहेर यायला किती वेळ लागतो हे मोजायला आयएसओ १७६२९ हे वेगळं. दोन गोष्टींना दोन मानकं लागतात, यातच सगळं आलं. प्रत्येक पत्र स्वतंत्र जॉब म्हणून जात असेल तर प्रिंटर लयीत येतच नाही. त्याच्या दृष्टीने पाचशेच्या पाचशे ‘पहिली पानं’ असतात. म्हणून खरेदीच्या वेळी पहिल्या पानाचा आकडाही विचारा.

प्रिंटरची मेमरी वाढवून उपयोग होतो का? रास्टर प्रिंटरच्या पोटात होत असेल आणि पानं जड असतील तर होतो. स्वस्त प्रिंटरात सगळं काम कॉम्प्युटरच करत असेल तर फारसा नाही. वायफायऐवजी केबल? नकाशेच्या नकाशे पाठवले जात असतील तर फरक जाणवेल. साधा मजकूर जात असेल तर नाही.

पीडीएफ करून छापलं तर?

बऱ्याचदा फायदा होतो, आणि त्याचं कारण जादूचं नाही. थेट प्रिंटरकडे न पाठवता वर्डमध्ये ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडलं की सगळी पत्रं एका लांबलचक फाइलमध्ये एकामागून एक येतात. ती छापा किंवा तिची पीडीएफ करून छापा, एकच जॉब जातो, एकच नमन होतं. शिवाय छापण्याआधी डोळ्यांखालून घालता येते. यादीत एखादा रकाना सरकला असेल आणि सगळ्यांच्या नावापुढे पिनकोड आला असेल तर ते आधी कळलेलं बरं.

पीडीएफमध्ये एक सोयही आहे. लोगो फाइलमध्ये एकदाच ठेवून प्रत्येक पानावरून ‘तो तिथला घे’ असं नुसतं बोट दाखवता येतं. पण फाइल बनवणारा प्रोग्रॅम हे करतोच असं नाही. काही प्रोग्रॅम लोगो दर पानावर नव्याने कोंबतात. ओळखायची खूण सोपी: दहा पत्रांची पीडीएफ आणि शंभर पत्रांची पीडीएफ बनवा. दुसरी जवळजवळ दहापट जड झाली तर लोगो शंभरदा कोंबला गेला आहे.

मात्र फाइलमध्ये लोगो एकदाच असला म्हणून प्रिंटर तो एकदाच उलगडेल, याची खात्री नाही. ती सोय प्रिंटरमध्येही असावी लागते.

वीज बिलं लाखांनी छापणारे काय करतात?

ते मास्तरांना फळा पुसू देत नाहीत. पानाचा न बदलणारा भाग प्रिंटरकडे एकदाच पाठवतात, तो रास्टर करून साठवून ठेवायला सांगतात, आणि मग फक्त बदलणारा मजकूर पाठवत राहतात: ‘साठवलेला नमुना घे, त्यावर एवढं टाक.’ रबरी शिक्क्यासारखंच हे. शिक्का एकदा कोरला की तारीख तेवढी फिरवायची.

याचा सगळ्यात सुंदर अवतार मला आयबीएमच्या ३८०० या प्रिंटरमध्ये दिसतो. १९७६ साली वापरात आलेलं हे यंत्र मिनिटाला २० हजारांच्या आसपास ओळी छापत असे. कोऱ्या फॉर्मच्या रेघा आणि चौकटी त्यात फोटोच्या निगेटिव्हसारख्या फिल्मवर असत. प्रत्येक पानासाठी दिव्याचा लखलखाट करून त्या फिल्मची आकृती ड्रमवर, म्हणजे प्रकाशाने चित्र उमटणाऱ्या आतल्या रुळावर, उमटवली जाई, आणि माणसागणिक बदलणारी अक्षरं लेझर काढी. फॉर्म रास्टर करायची गरजच नाही. ‘सारखं काय आणि वेगळं काय’ ही विभागणी तिथे प्रकाशानेच केलेली होती.

आज हीच विभागणी भाषेत केली जाते. मोठ्या छपाईयंत्रांसाठी २००० साली पीपीएमएल ही भाषा आली, आणि २०१० साली पीडीएफ-व्हीटी हे आयएसओ मानक, ज्यात कुठला भाग पुन्हा पुन्हा येणार आहे याची नोंद फाइलमध्येच ठेवता येते. टेबलावरच्या साध्या प्रिंटरांपर्यंत आणि रोजच्या वापरातल्या वर्डपर्यंत मात्र हे फारसं झिरपलेलं नाही, आणि याची मला खंत वाटते. पीसीएल भाषेतही पानाचा ठरावीक भाग प्रिंटरमध्ये साठवून पुन्हा वापरायची सोय वर्षानुवर्षं आहे. काही ड्रायव्हरमध्ये ती ‘ओव्हरले’ नावाने दिसते. सेटिंगमध्ये शोधून पाहा, सापडली तर लेटरहेड तिथे ठेवा.

हीच युक्ती हाताने

ओव्हरले नसेल तर तो कागदावरच करता येतो. आधी लोगो आणि न बदलणारा मजकूर असलेल्या पाचशे प्रती काढायच्या. ते काम प्रिंटर झपाट्याने करतो. मग तेच कागद पुन्हा ट्रेमध्ये घालून फक्त नाव-पत्त्याचा हलका मसुदा छापायचा.

हे सगळीकडे लागू पडत नाही. कागद यंत्रातून दोनदा जातो, म्हणजे यंत्राचा वेळ दुप्पट. तुमचा वेळ रास्टर करण्यात जात असेल तरच हा सौदा परवडतो. दुसऱ्या फेरीत मजकूर एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे नाव अगदी टिंबांच्या रेघेवर बसवायचा हट्ट धरू नये. लेझरमधून निघालेला कागद तापलेला आणि किंचित वळलेला असतो. तो निवू द्या, सरळ करा, नाहीतर अडकेल. बाहेरून छापून आणलेलं लेटरहेड असेल तर त्याची शाई लेझर प्रिंटरची उष्णता सोसणारी आहे ना, हे छापखान्याला आधीच विचारा. आणि दोनपानी पत्रांसाठी हा उद्योग नकोच. एक कागद मागेपुढे झाला की एकाचं पत्र दुसऱ्याच्या नावाने जातं.

एकेक जॉबच हवा असतो तेव्हा

सगळी पत्रं एका जॉबमध्ये कोंबणं हाही सरसकट इलाज नाही. प्रिंटरने प्रत्येक पत्राला आपोआप स्टेपल मारावं अशी अपेक्षा असेल, तर पत्र कुठे संपतं हे त्याला कळायला हवं, आणि साध्या मार्गाने ते जॉब संपल्यावरच कळतं. तिथे वेळ जातो तो सत्कारणी लागतो. उलट प्रिंटर अनेकांच्या वापरातला असेल तर सुटे जॉब धोक्याचे: तुमच्या दोन पत्रांच्या मधे दुसऱ्याचं कागदपत्र घुसू शकतं, आणि पगाराचं किंवा थकबाकीचं पत्र भलत्याच गठ्ठ्यात जाऊ शकतं.

हजारो पत्रं असतील तर एकच प्रचंड जॉबही टाळावा. विंडोजमध्ये प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शेवटचं पान रांगेत आल्यावरच छपाई सुरू करायची, असा पर्याय असतो. तो निवडलेला असेल तर पहिलं पान दिसायलाच बराच वेळ जातो आणि माणूस घाबरून पुन्हा प्रिंटची कळ दाबतो. मग सगळं दोनदा छापून निघतं. शंभर-शंभरचे गट सोयीचे पडतात. नमन पाचशे वेळा होत नाही, आणि मधेच कागद अडकला तर किती पत्रं निघाली ते मोजणं हाताशी राहतं.

आणि तो अडकतोच. समजा दोनशे एकतिसावं पत्र चुरगळलं. जोडलेल्या फाइलमध्ये बहुधा प्रत्येक पत्राचं पान ‘१’ पासूनच सुरू होतं, त्यामुळे पान क्रमांक २३१ मागून काही मिळत नाही. वर्ड प्रत्येक पत्राला एक विभाग मानतो. छपाईच्या खिडकीत पान क्रमांकाच्या चौकटीत इंग्रजी एस हे अक्षर आणि त्याला जोडून २३१ लिहिलं की तेवढं एकच पत्र पुन्हा निघतं. गट केलेले असतील तर आधी त्या गटातला त्याचा क्रमांक काढा: तिसऱ्या शंभरातलं एकतिसावं.